नवी पेठेत गाड्या बंद केल्या तर धंदा बसेल का?

तुम्ही विचारलंय की सोलापूरच्या नवी पेठेत संध्याकाळी वाहनं बंद केली तर गिऱ्हाईक दुसरीकडे वळेल असं व्यापारी म्हणतात, त्यात तथ्य किती? आणि बाहेर जिथे असे पादचारी रस्ते केले, तिथे काय झालं?

माझं अर्धं आयुष्य कापडाच्या दुकानात गेलंय, म्हणून दुकानाच्या पायरीवरून सांगतो. सकाळी शटर वर जातं. मालक स्कूटर पायरीला लावतो, मागोमाग सेल्समनच्या दोन-तीन गाड्या लागतात. त्या रात्री दुकान वाढवेपर्यंत हलत नाहीत. म्हणजे दिवसभरात कितीतरी गिऱ्हाइकांना पुरली असती ती जागा दुकानानंच अडवलेली असते. मग येणारे बाहेरून दुसरी रांग लावतात, त्याला चिकटून हातगाडी, उरलेल्या फटीतून रिक्षा. बस्त्याला आलेल्या बायका दोन्ही हातांत पिशव्या घेऊन हँडलांमधून आडव्या होत वाट काढतात, पदर गाडीच्या आरशाला अडकतो. शोकेसमधली साडी बघायला उभं राहावं तर मागून हॉर्न. गाडीवरून जाणारा माणूस शोकेस बघतच नाही, त्याचं लक्ष समोरच्या रिक्षावर असतं. आत शिरतं ते पायी चालणारं, थांबलेलं गिऱ्हाईक.

तरीही व्यापाऱ्यांची भीती मी उडवून लावणार नाही, कारण पादचारी बाजार बसल्याची उदाहरणं आहेत. अमेरिकेत कलामझू शहरानं 1959 मध्ये भर बाजारातला रस्ता गाड्यांना बंद केला आणि पुढच्या वीस वर्षांत तिथे अशा रस्त्यांची लाटच आली. त्यातले बहुतेक नंतर पुन्हा खुले करावे लागले. खुद्द कलामझूनं 1998 मध्ये काही भाग उघडला, फ्रेस्नो शहरानं 1964 चा आपला पादचारी रस्ता 2017 मध्ये. पण तिथे माणसं आधीच शहराबाहेर राहायला गेली होती, मोठी दुकानंही त्यांच्यामागे गेली होती. मध्यवस्तीत राहणारं कोणी उरलं नव्हतं आणि यायचं तर गाडीशिवाय सोय नव्हती. तिथे रस्ता बंद करून गर्दी कुठून येणार?

कोपनहेगनचं उलटं झालं. 1962 मध्ये स्ट्रॉयेट हा सुमारे एक किलोमीटरचा बाजाररस्ता आधी प्रयोग म्हणून बंद केला. दुकानदारांनी तेव्हा कडाडून विरोध केला होता: आमची हवा थंड, आमचे लोक रस्त्यावर रेंगाळणारे नाहीत. दोन वर्षांत तोच रस्ता कायमचा पादचाऱ्यांचा झाला. त्यानंतर त्या शहरानं घाई केली नाही. एकेक गल्ली, एकेक चौक वाढवत नेला आणि मध्यवस्तीतलं पार्किंग दरवर्षी थोडं थोडं कमी केलं, म्हणून लोकांच्या सवयी बदलायला वेळ मिळाला. ब्राझीलच्या कुरितिबात मात्र महापौर जाइमी लर्नर यांनी 1972 मध्ये शुक्रवारी संध्याकाळी काम सुरू करून 72 तासांत मुख्य बाजाराचा रस्ता पादचारी केला. विरोध करणाऱ्या व्यापाऱ्यांनीच पुढे तो आणखी लांबवायची मागणी केली.

आपल्या देशात दिल्लीच्या चांदणी चौकात 2021 पासून सकाळी 9 ते रात्री 9 मोटारवाहनांना बंदी आहे. लाल दगडाचा रस्ता देखणा झाला, पण दुचाक्या आणि ई-रिक्षा आत शिरतात अशी ओरड सतत असते. नियम केला आणि रस्त्याच्या तोंडावर माणूस उभा केला नाही, तर हे होणारच. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर 11 डिसेंबर 2021 ला पादचारी दिन झाला. एका दिवसाचा प्रयोग कुणालाही परवडतो, सोलापुरानं निदान तेवढं तरी करावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आपल्याकडे राहणारी माणसं बाजाराला लागूनच आहेत. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याकडून बस्त्याला येणारी मंडळी एसटीनं नाहीतर जीप करून येतात, दुकानासमोर गाडी लावणारं हे गिऱ्हाईक आजही नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघतात तेव्हा मिरवणुकीच्या वाटेवर गाड्या थांबतात आणि अख्खं शहर पायी फिरतं. तेव्हा गाड्या वळवायचं कसं, हे पोलिसांना आणि लोकांनाही ठाऊक आहे.

अडचण आहे ती उन्हाची. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, फरशी तापते, तेव्हा नुसता मोकळा रस्ता म्हणजे शिक्षा. स्पेनमधल्या सेव्हिल शहरात सिएर्पेस या पादचारी रस्त्यावर उन्हाळ्यात एका इमारतीपासून समोरच्या इमारतीपर्यंत कापड ताणून सावली करतात. कापडाच्या गावाला हे जमणार नाही, असं मी मानायला तयार नाही.

दुसरी काळजी भाड्याची आहे, आणि ती मला जास्त छळते. रस्ता चालला की जागामालक भाडं वाढवतो आणि लहान दुकानाच्या जागी मोठ्या ब्रँडची शोरूम येते. जगभर हेच झालंय, स्ट्रॉयेटही त्यातून सुटला नाही. फेरीवाल्यांचंही तेच. 2014 च्या कायद्यानं त्यांना हक्काची जागा द्यायची आहे, ती आराखड्यातच आखा. नाहीतर सुशोभीकरण झालं की पहिला उठवला जातो तो गजरेवाला.

म्हणून माझं उत्तर असं: कायमची बंदी नको, आधी संध्याकाळी पाच ते नऊ. मालाचे गठ्ठे सकाळी दहाच्या आत उतरवायचे. रुग्णवाहिका आणि अग्निशमनची गाडी जाईल एवढी पट्टी कायम मोकळी. दत्त चौकाच्या आणि पार्क चौकाच्या बाजूला रिक्षाथांबा, म्हाताऱ्यांसाठी तिथून एखादी बॅटरीवरची गाडी. आजूबाजूच्या बोळांत पार्किंगला सक्त मनाई, नाहीतर नवी पेठेतली कोंडी उचलून शेजाऱ्यांच्या दारात ठेवल्यासारखं होईल. आणि हे सगळं सुरू व्हायच्या आधी, उद्यापासूनच, दुकानमालकांनी आपल्या आणि नोकरांच्या गाड्या लांब लावाव्यात. त्याला महापालिकेचा ठराव लागत नाही, आणि पायरीसमोर किती जागा निघते ते त्यांचं त्यांनाच दिसेल.