तिलाही 21, त्यालाही 21

"मॅडम, चेडू दोन दिवस धड जेवक नाय. मार्क बघल्यान आणि दार लावन घेतल्यान."

मालवणच्या बाजूच्या एका गावातली ही आई. मुलीला खुर्चीत बसवलं आणि स्वतः दारापाशीच उभी राहिली. मुलीला आपण मयुरी म्हणू; ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशीलही बदलले आहेत. अकरावी, पहिल्या पाचातली. पर्यावरणाच्या ग्रुप प्रोजेक्टला पाच जणांना मिळून 30 पैकी 21 गुण मिळाले होते. 21 मिळाले म्हणून ती रडत नव्हती. "रात्री बारापर्यंत जागून मी लिहिलं. तो एकदाच आला, तोही अर्धा तास. त्यालाही 21?"

हा प्रश्न दर वर्षी निकालाच्या सुमारास माझ्याकडे येतोच. कधी मुलं विचारतात, कधी आईवडील: कॉलेजात जाऊन भांडू का? माझं म्हणणं असं की जरूर जा, पण गुण वाढवून मागायला नको. "नेमकं काय तपासलं?" एवढंच विचारा. त्या प्रश्नाला उत्तर मिळतं, भांडणाला मिळत नाही.

या प्रकरणात सर आधीच अस्वस्थ होते. गुण वाचून दाखवल्यावर मुलांना धीर द्यावा म्हणून ते म्हणाले होते, "सगळ्यांनी छान काम केलं. गुणांकडे बघू नका." मन चांगलं, पण वाक्य वाया गेलं. आत्ताच गुण वाचून दाखवलेत आणि त्याच तोंडाने बघू नका म्हणता? शिवाय 'सगळ्यांनी छान' हे राबणाऱ्याला अपमानासारखं लागतं आणि न राबणाऱ्याला पाठीवर थाप वाटते.

मी पाचही जणांना एकत्र बोलावलं. प्रत्येकाला चिठ्ठी दिली: एकूण कामातलं तुझं काम किती टक्के? शेजारच्याला दाखवायचं नाही. चिठ्ठ्या उलगडल्या. 70, 30, 30, 20, 10. बेरीज 160. पोरं आधी हसली, मग गप्प झाली. यात कोणी खोटं बोलत नसतं बरं का. आपण जागलो ती रात्र आपल्याला आठवते, दुसऱ्याची आपण पाहिलेलीच नसते. रॉस आणि सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये नवराबायकोंना घरकामातल्या वाट्याबद्दल विचारलं होतं, तिथेही दोघांची बेरीज बहुधा शंभराच्या वर गेली. (आमच्या घरी हा प्रयोग मी अजून केलेला नाही.)

70 मयुरीचे होते हे सांगायला नकोच. 10 त्या मुलाचे. घरची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून दोरांनी ओढायचं मोठं जाळं; पहाटे दोरावर जाऊन मग कॉलेज. मी विचारलं, "दहाच का रे?" तो जमिनीकडे बघत म्हणाला, "माझं पान तिने फाडलं. अक्षर वाईट म्हणून. मग परत कशाला लिहू?"

मयुरी लाल झाली. पान तिने खरंच फाडलं होतं. ते नव्याने सुवाच्य लिहून काढताना त्याने हाताने काढलेली दोन चित्रं तिने गाळली आणि नेटवरून फोटो घेऊन चिकटवले. मी फाईल मागवली. मुखपृष्ठावर ठसठशीत: 'पांढरी चिपी, महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष, 2020'. खाली फोटो. तो मुलगा वाकून बघतो तर काय, "ह्यी चिपी न्हय. ह्यो कांदळ!" फोटोत खोडापासून कमानीसारखी मुळं चिखलात उतरली होती, ती कांदळाची; तोही खारफुटीचाच, पण वेगळा वृक्ष. चिपीची श्वसनमुळं चिखलातून सुळक्यांसारखी वर येतात. सरांनी त्या चुकीला तीन गुण कापले होते. ज्याला हे झोपेतही ओळखता आलं असतं, त्याला फाईल जमा होण्याआधी कोणी दाखवलीच नव्हती.

म्हणून सगळा दोष मयुरीचा, असं मला म्हणायचं नाही. चुकारपणाही खराच असतो. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. ते आकडे 1913 मध्ये छापून आले. एकट्याचा जोर 1 धरला तर आठ जणांत माणशी 0.49 भरला. थोडी तूट ठेका न जुळल्याने येते, सगळी नाही. पुढे इतरांनी केलेल्या प्रयोगांत दिसलं की आपलं काम वेगळं मोजलं जातंय हे कळलं की माणसं अंग चोरायची बरीचशी थांबतात. मी हे सांगत होते तेव्हा तो पहिल्यांदा वर बघून हसला. "रापणीक अंग चोरूक गावना नाय मॅडम. बाजूचो लगेच बोलता."

"आणि वाटे?"

"ते आधीच ठरलेले असतत. मासो गावल्यावर कोण भांडात काय?"

भांडतात, तेही मला माहीत आहे. पण मुद्दा त्याने माझ्यापेक्षा नेटका मांडला. या पाच जणांनी वाटे ठरवलेच नव्हते. सरांनीही ठरवून दिले नव्हते.

त्या संध्याकाळी सरांशी बोलले. गुण बदलायचे नाहीत यावर आम्ही दोघं ठाम होतो. एकाचे वाढवले की उरलेले चौघे दारात. पण प्रत्येकाला तुम्ही काय पाहिलंत ते सांगा म्हटलं, दोन वाक्यांत, आणि नेमकं. दुसऱ्या दिवशी सर वर्गात म्हणाले, "21 हे फाईलचे आहेत, तुमच्यापैकी कोणाचेच नाहीत." मग एकेकाला बाजूला घेतलं. मयुरीला सांगितलं, "मुलाखतींचा तक्ता तुझा, तो या वर्षीचा सर्वांत चांगला. पण तू दुसऱ्याचं काम हातातून काढून घेतेस, ते सोड." त्या मुलाला: "तुला खाडी माझ्यापेक्षा जास्त कळते. फाडलेल्या पानासाठी माझ्याकडे यायला हवं होतंस. गप्प बसलास ती तुझी चूक." बोलणं दोघांनाही लागलं आणि दोघांनाही पटलं.

मयुरी त्या रात्री जेवली, असा आईचा फोन आला. राग मात्र पुरता गेला नव्हता. चार दिवस ती त्याच्याशी बोलत नव्हती.

पुढचा प्रोजेक्ट सुकवलेल्या मासळीवर होता. या वेळी फाईलच्या पहिल्याच पानावर कामं आणि त्यापुढे नावं. मयुरी ती मला दाखवायला आली. मधलं एक पान तिरक्या, गिचमिड अक्षरातलं, कडेला बांगड्याचं सुरेख चित्र.

"फाडलं नाही मी," ती म्हणाली. "दोनदा हात शिवशिवला."