आईचं ऑपरेशन आहे, हे मुलांना सांगायचं का?

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया ठरली की घरात लहान मुलं असलेले आईवडील मला हमखास विचारतात, "मुलांना सांगायचं का, आणि सांगायचं तर किती?" बहुतेकांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं: नको, उगाच घाबरतील. असंच ठरवून आलेल्या एका आईचा हा अनुभव. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

तिला मधुमेह होता, गुडघे दुखायचे, रात्री झोपेत श्वास अडकायचा. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून ते लहान करण्याची शस्त्रक्रिया, ठरली होती. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाचची. ऑफिसच्या कामासाठी बाहेरगावी जातेय असं सांगायचं आणि दवाखान्यातून परस्पर घरी यायचं, असा तिचा बेत. मी विचारलं, "घरी आल्यावर धाकटीला उचलता येणार नाही, जेवायला बसलात तर पुढ्यात वाटीभर पातळ काहीतरी. तेव्हा काय सांगाल?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "हल्ली ती ताटातलं अर्धं टाकून उठते हो. आवडीचं असलं तरी."

पुढच्या भेटीला मुलगी आली. चित्र रंगवता रंगवता, मान वर न करता तिने मला विचारलं, "जास्त जेवलं की डॉक्टर पोट कापतात ना?"

आईचं फोनवरचं बोलणं तिने ऐकलं होतं. अर्धवट कानावर पडलेल्याची उरलेली गोष्ट तिने स्वतःच जुळवली होती, आणि त्या गोष्टीत आईनंतर तिचा नंबर होता. म्हणूनच मी याबाबत ठाम आहे: न सांगितल्याने मुलांची भीती टळत नाही, फक्त ती त्यांना एकट्याने सोसावी लागते. या वयात मुलं घरातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण स्वतःत शोधतात. मी हट्ट केला, मी त्रास दिला, म्हणून आई आजारी पडली, असं त्यांना अगदी खरं वाटतं.

मुलांना काय सांगायचं ते आम्ही दोघींनी बसून लिहून काढलं. "मला एक आजार आहे. त्यामुळे माझे गुडघे दुखतात, दम लागतो. औषधं घेतली, व्यायाम केला, तरी पुरेसा फरक पडला नाही. पोटात अन्न साठतं ती एक पिशवी असते, डॉक्टर माझी पिशवी लहान करणार आहेत. हे कुणाच्याही चुकीमुळे झालेलं नाही. तुला या ऑपरेशनची गरज नाही. तू वाढतेयस, तुला पोटभर जेवायलाच हवं." या शस्त्रक्रियेत जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढतात, पण पाच वर्षांच्या मुलीला हा आकडा कशाला हवा? तिला हवं असतं ते वेगळंच: शाळेतून आणायला कोण येणार, रात्री जवळ कोण झोपणार, आई फोन कधी करणार.

सांगण्याची वेळही महत्त्वाची. धाकटीला चार-पाच दिवस आधी सांगितलं, कारण तिला त्यापुढचे दिवस मोजता येत नाहीत. थोरल्याला दोन आठवडे आधीच, कारण ऑपरेशनपूर्वीचा पातळ आहार त्याच्या नजरेतून सुटला नसता. त्याने थेट विचारलं, "तू मरणार नाहीस ना?" अशा वेळी 'काही होत नाही रे' म्हणून उडवून लावू नये. तिने सांगितलं, "जवळजवळ सगळे जण बरे होऊन घरी येतात. डॉक्टर आणि नर्स सारखे माझ्याजवळ असतील." भुलीबद्दल सांगताना 'झोपवणार' म्हणू नका, काही मुलं मग रात्री झोपायलाच घाबरतात. एका औषधाने काही दुखत नाही, कळत नाही आणि काम झालं की डॉक्टर जागं करतात, एवढं पुरतं.

थोरला अंगाने जरा भरलेला. नातेवाईक त्यावरून चिडवायचे, आणि तो ते हसण्यावारी नेतो असं सगळ्यांना वाटे. 'आई जाडी होती म्हणून ऑपरेशन केलं' असं घरात कुणी म्हटलं असतं, तर त्यातून त्याने स्वतःबद्दल काय ऐकलं असतं? म्हणून घरातल्या मोठ्यांशीही मी बोलले. पुढे पाहुणे मुलांसमोर म्हणायचे, "किती बारीक झालीस, छान दिसतेस!" त्यावर ती म्हणायची, "आता जिना चढताना दम लागत नाही, याचाच आनंद आहे."

शेजाऱ्यांना कळू नये, अशी तिची इच्छा होती. ती रास्तच, पण मुलांना 'कुणाला सांगायचं नाही' अशी शपथ घालू नये. बाबा, आजी आणि वर्गशिक्षिका यांच्याशी केव्हाही बोलायचं, असं मुलांना सांगितलं. शिक्षिकेला तिने स्वतःच कल्पना दिली.

ऑपरेशननंतर साधारण चार ते सहा आठवडे जड उचलायचं नसतं, आणि पाच वर्षांचं मूल जडच. धाकटीने त्यासाठी एक उशी निवडली होती: आई सोफ्यावर बसायची, पोटावर उशी धरायची आणि ही बाजूने येऊन बिलगायची. आईचं जेवण आधी पातळ, मग मऊ, असं करत नेहमीच्या पदार्थांवर यायला दीड-दोन महिने गेले. तेवढ्या काळात तिने मुलांबरोबर जेवायला बसणं सोडलं नाही. तिच्या ताटात कमी, मुलांच्या ताटात नेहमीइतकं, आणि कुणाच्याच ताटावर शेरा नाही. पुढे काही महिने केस गळू शकतात, तेही मुलांना आधी सांगितलेलं बरं.

धाकटीचं जेवण हळूहळू पूर्ववत झालं. तुमचं मूल मात्र दोन-तीन आठवड्यांनंतरही जेवण टाळत असेल, पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं असेल किंवा रात्री दचकून उठत असेल, तर वाट पाहू नका. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि आईच्या ऑपरेशनबद्दल त्यांना आवर्जून सांगा.