आधी माप, मग पाना

अनेक आशीर्वाद.

तुझ्या जुन्या मर्सिडीजची तक्रार कळली : गाडी लिंप मोडमध्ये जाते (संगणक मुद्दाम इंजिनची ताकद कमी करतो), स्कॅनरवर पी०२९९ कोड येतो आणि तेल गळतं. तू पाठवलेली तिन्ही गॅरेजांची एस्टिमेटं वाचली. एकजण म्हणतो टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) गेला, साडेतीन लाख. दुसरा म्हणतो क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचं, मागचं सील गळतंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. तिसरा म्हणतो वायरिंगचं काहीतरी आहे, गाडी ठेवून जा. तिन्ही कागदांवर रुपयांखेरीज एकही आकडा नाही. कुणी दाब मोजला नाही, व्होल्टेज मोजलं नाही. मग तुझं डोकं भंजाळलं तर त्यात नवल काय!

दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेलवर २०१५ मध्ये गदा आली, तेव्हापासून तिकडच्या मोठ्या जर्मन गाड्या इकडे स्वस्तात येऊ लागल्या. तुझी एमएल ३५० सीडीआय तशीच आली. घेतलीस ते चुकलं का, हे मला विचारू नकोस. घेतलीस. (दिल्लीच्या आरटीओची एनओसी जपून ठेव आणि बारा महिन्यांच्या आत इथला नंबर घे, एवढं मात्र टाळू नकोस.)

पी०२९९ हा कोड एवढंच सांगतो की संगणकाने मागितला तेवढा बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, मिळाला नाही. का मिळाला नाही, हे तो सांगत नाही. कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे. आधी माप, मग पाना.

सुरुवात बॅटरीपासून. तुला हे क्षुल्लक वाटेल. वाटू दे. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मल्टिमीटर लाव : १२.५ व्होल्टच्या वर हवं, स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली जाता कामा नये, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. बॅटरी मरतुकडी असेल तर या गाडीतले निम्मे मॉड्यूल, म्हणजे छोटे संगणक, खोटं बोलतात. पूर्ण चार्ज कर, सगळे कोड पुसून टाक, पन्नास किलोमीटर चालव आणि मग पुन्हा वाच. जे परत येतील तेच खरे. आणि त्या तळहाताएवढ्या ओबीडी डोंगलने (कोड वाचायच्या छोट्या यंत्राने) फक्त इंजिन दिसतं. गिअरबॉक्स, सस्पेन्शन, बॉडी हे सगळं वाचायला मर्सिडीजचं झेंट्री किंवा त्या तोडीचं स्कॅनर असलेला माणूस गाठ.

मग चावी चालू, इंजिन बंद, असं ठेवून लाइव्ह डेटा बघ. मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा वाटणाऱ्या नळ्यांचा) दाब आणि बाहेरच्या हवेचा दाब सारखेच दिसले पाहिजेत. पुण्यात दोन्ही ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास, मुंबईत हजाराच्या जवळ. एक ९५० आणि दुसरा ८८० दाखवत असेल तर सेन्सरच खोटा आहे. टर्बोला हात लावायचं कारण नाही. डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) डिफरन्शियल दाब, म्हणजे त्याच्या दोन बाजूंच्या दाबांतला फरक, या वेळी शून्य हवा. इंजिन बंद असताना तिथे आकडा दिसला तर तो सेन्सर किंवा त्याच्या दोन रबरी नळ्या बघ. या तपासाला पाच मिनिटं लागतात आणि पाना लागत नाही. तरी तिघांपैकी एकानेही केला नाही, याचा मला राग येतो.

पुढे रस्त्यावर, चढाला, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबून मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट एकत्र रेकॉर्ड कर. गाडी तू चालव, लॅपटॉप दुसऱ्याच्या मांडीवर. दोन्ही आकडे कमी असतील तर संगणक स्वतःच हात आखडतोय, कारण दुसरीकडे शोध. मागणी जास्त, मिळकत कमी, आणि टर्बोचा दाब कमीजास्त करणारा ॲक्च्युएटर टोकाला गेलेला, असं दिसलं तर गळती किंवा टर्बो. त्यातही आधी गळती. ओएम ६४२ ला, म्हणजे तुझ्या इंजिनला, टर्बोतून हवा बाहेर पडते तिथे प्लॅस्टिकचा रेझोनेटर (आवाज कमी करणारा डबा) असतो. तो तडकतो किंवा त्याचं ओ-रिंग सुकतं. इंटरकूलरचे (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीचे) पाइप बंद करून अर्धा बार हवा भर, साबणाचं पाणी मार, बुडबुडे दिसतील. रेझोनेटरच निघाला तर ॲल्युमिनियमचा मिळतो, तोच बसव.

पाइपात तेल दिसलं म्हणून टर्बो गेला असं तुला दाखवलं. अरे, या इंजिनचा ब्रीदर (आतली तेलकट वाफ बाहेर सोडणारी नळी) टर्बोच्या इनलेटमध्येच, हवा आत शिरते तिथेच, सोडलेला आहे, तिथे तेलाचा ओलावा असणारच! टर्बो तपासायचा तर शाफ्ट बोटांनी धर. बाजूला किंचित हलला तर चालतं. पुढेमागे जाणवण्याइतका हलला किंवा पाती घराला घासल्याची खूण असली, तर गेला.

तेच ब्रीदरचं तेल तुझ्या लिंप मोडचंही कारण असू शकतं. टर्बोच्या इनलेटचं नारिंगी सील कडक झालं की तेल खाली इंजिनच्या व्हीमध्ये, म्हणजे सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या खोबणीत, ठिबकतं, आणि नेमकी तिथेच स्वर्ल फ्लॅपची (मॅनिफोल्डमध्ये हवेला घुमवणाऱ्या पात्यांची) मोटर बसवलेली आहे. (तिथे ती का बसवली, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.) मोटर तेलात भिजून मरते, गाडी लिंपमध्ये जाते. नवी मोटर टाकून सील जुनंच ठेवलं तर नवीही बुडते. मॅनिफोल्डचे फ्लॅप काजळीने अडकलेले असतील तर नवी मोटर त्यांच्याशी झुंजून जळते, म्हणून आधी हाताने फ्लॅप फिरवून बघायचे. कुणी म्हणेल, ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावून देतो, दिवा जाईल. दिवा जाईल, तेल ठिबकतच राहील. तो मार्ग घेणार असशील तर मला पुन्हा लिहू नकोस.

मागच्या सीलचं म्हणशील, तर तीच व्ही. ऑइल कूलरची सीलंही तिथेच तळाशी असतात. ती सुटली की तेल मागच्या भोकातून गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या पुढच्या कव्हरवर उतरतं आणि हुबेहूब क्रँक सील गळल्यासारखं दिसतं. तेलात यूव्ही डाय (यूव्ही दिव्याखाली चमकणारा रंग) टाक, शंभर किलोमीटर चालव, मग बोअरस्कोपने, म्हणजे नळीवरच्या कॅमेऱ्याने, व्हीमध्ये बघ. वर चमकलं तर कूलर. सीलं जांभळी घे. मूळची नारिंगी उष्णतेला टिकत नाहीत. सीलं स्वस्त, पण तिथवर पोहोचायला टर्बो आणि मॅनिफोल्ड उतरवावे लागतात, लेबरच सगळं. म्हणून एकदा खोललं की मोटर, इनलेटचं सील, काजळी, सगळं त्याच वेळी उरकायचं. तेल भरताना डब्यावर मर्सिडीजचं २२९.५१ हे मानक लिहिलेलंच घे.

कुर्ल्याच्या भंगार बाजारातून जुना पार्ट आणायचा मोह होईल. रेझोनेटर, पाइप, स्ट्रटचे ब्रॅकेट जरूर आण. ७जी गिअरबॉक्सच्या आतला कंट्रोलर मात्र मूळ गाडीच्या इमोबिलायझरशी (चोरीपासून वाचवणाऱ्या कुलपाशी) बांधलेला असतो, तो तसाच बसवून चालत नाही.

मला हेकट म्हणतात, मान्य आहे. न मोजता बदललेले चांगले पार्ट माझ्या कपाटात एका खोक्यात पडून आहेत, त्यांची किंमत मला माहीत आहे. त्याहून अधिक सांगत बसत नाही. पण म्हणूनच पुन्हा सांगतो : आधी माप.

पावसाआधी सनरूफच्या कोपऱ्यांत कपभर पाणी हळू ओतून बघ, खाली चाकाशी यायला हवं. नळी तुंबली असेल तर गवत कापायच्या मशीनची नायलॉनची तार घाल. कॉम्प्रेसरची हवा मारू नकोस, नळी आत निसटते आणि पाणी कार्पेटखालच्या मॉड्यूलांवर जातं.

रविवारी चार आकडे कळव : सकाळचं बॅटरी व्होल्टेज, इंजिन बंद असताना मॅनिफोल्डचा आणि बाहेरचा दाब, आणि डीपीएफचा डिफरन्शियल. तोवर कुणालाही अ‍ॅडव्हान्स देऊ नकोस.