आधी भिंती बघ, मग माणसं

व्हिक्टोरियन कादंबऱ्यांमधली चित्रं वाचायला शिकायचंय ना, मग चेहऱ्यांवर लगेच थांबू नकोस, आधी भिंती, शेकोटीवरचं फळकूट, कोपरे बघ. डिकन्सची डेव्हिड कॉपरफील्ड घे (१८४९-५०, महिन्याच्या हप्त्याने यायची, हप्त्यात दोन चित्रं), चित्रं फिझची, म्हणजे हॅब्लॉट ब्राऊनची. २२व्या प्रकरणात मिस मौचर डेव्हिडच्या मित्राचे, स्टीअरफोर्थचे, केस करतेय, गंमतीचा सीन वाटतो, पण मागे भिंतीवर फाउस्ट आणि ग्रेचेनचं (जर्मन नाटकातला सैतानाशी करार करणारा माणूस आणि त्याने नादी लावलेली साधी मुलगी) चित्र टांगलंय! डेव्हिडची बालमैत्रीण एमिली स्टीअरफोर्थबरोबर पळून जाते ते ३१व्या प्रकरणात कळतं, आणि फिझने ते इतकं आधी भिंतीवर लावून ठेवलंय. २२व्याच प्रकरणातलं मार्थाचं, म्हणजे गावाने 'वाया गेलेली' ठरवलेल्या मुलीचं, चित्र तर मला फार आवडतं, ती जमिनीवर कोसळलेली आणि शेकोटीवर येशूचे पाय धुणारी मॅग्डालेन, म्हणजे क्षमा मिळालेली पापी बाई, बाजूला ईव्ह, म्हणजे बायबलमधली पहिली बाई, आणि तिला मोहात पाडणारा साप. पाप आणि क्षमा दोन्ही एकाच खोलीत, आणि वाचकांना बायबल पाठ होतं त्यामुळे लगेच कळायचं, आपल्याला मात्र थोडं शोधावं लागतं.

मागच्या वस्तूंत अर्थ लपवायची ही सवय १८व्या शतकातल्या इंग्रज चित्रकार होगार्थपासून आलेली, त्याची चित्रमालिका एकदा बघच. आणि प्रत्येक खुर्चीत, मांजरात अर्थ शोधू नकोस, ही चूक मीही खूप केलीय. कथेशी धागा जुळला तरच धर. स्वस्त पेपरबॅकमध्ये बारीक रेषा काळ्या होऊन जातात, म्हणून चांगलं स्कॅन घे आणि झूम कर.