विंडोज ११ वरून जुन्या लिनक्स सर्व्हरचे फोल्डर उघडत नसेल, तर एसएमबी १ पुन्हा चालू करावे का?

डिचोलीतील आपल्या कार्यालयात नवे विंडोज ११ चे संगणक आल्यापासून लिनक्स सर्व्हरवरील सामायिक फोल्डर उघडत नाही, विंडोज ७ वरून मात्र उघडते, म्हणून नव्या संगणकांवर एसएमबी १ चालू करावे का, असे आपण विचारले आहे. कृपया करू नये. दुरुस्ती सर्व्हरवर व्हायला हवी.

विंडोज ज्या एसएमबी पद्धतीने फायलींची देवाणघेवाण करते, ती लिनक्सवर सांबा हे सॉफ्टवेअर पुरवते. आपला सांबा जुना असल्याने त्याला बहुधा या पद्धतीची पहिलीच आवृत्ती, म्हणजे एसएमबी १, येते. मे २०१७ मध्ये फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा व्हायरस त्याच आवृत्तीतील त्रुटीतून जगभर पसरला, आणि त्या ऑक्टोबरपासूनच्या विंडोजमध्ये ती मुळात बसवलेली नसते. सांबा ३.६ असेल, तर त्याच्या संरचना फाइलीत 'मॅक्स प्रोटोकॉल'समोर 'एसएमबी२' लिहून भागते. त्याहून जुना असेल, तर सर्व्हरच नवा करावा. फोल्डर पासवर्डाविना खुले असेल, तर प्रत्येकाला वेगळे नाव व पासवर्ड द्यावा, कारण विंडोज ११ प्रोची २४एच२ आवृत्ती प्रत्येक संदेशावर डिजिटल सही मागते आणि पासवर्डाविना आलेल्या पाहुण्याला ती करता येत नाही.

फायली नव्या सर्व्हरवर नेताना मात्र मराठी नावांकडे लक्ष द्यावे. याविषयी फारसे कोणी सांगत नाही. फोंड्याच्या एका वाचनालयात मी नाट्यसंहितांच्या स्कॅन केलेल्या प्रती सांभाळतो. नाटकाचे, लेखकाचे आणि प्रयोगाच्या गावाचे नाव एकत्र लिहिलेल्या काही फायली विंडोजवर व्यवस्थित होत्या, पण सर्व्हरवर उतरेनात. विंडोज नावात २५५ चिन्हे घेते, तर लिनक्सची ईएक्सटी४ ही फायली साठवण्याची प्रणाली २५५ बाइट मोजते, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचे असल्याने तेथे जेमतेम ८५ चिन्हे मावतात. 'श्री' आपण एक अक्षर मानतो, पण त्यात श, हलन्त, र आणि वेलांटी अशी चार चिन्हे, म्हणजे १२ बाइट आहेत.

दुसरी अडचण विसर्गाची. 'अंतःकरण' लिहिताना पुष्कळजण विसर्गाऐवजी इंग्रजी कळफलकावरचा अपूर्णविराम (:) टंकतात. लिनक्सवर अशी फाइल तयार होते, पण विंडोजला तो अपूर्णविराम चालत नसल्याने सांबा तिच्या जागी रोमी अक्षरांचे एक निरर्थक आखूड नाव दाखवतो, आणि फाइल हरवली असे वाटते. ती हरवलेली नसते. सर्व्हरवर बसून नाव दुरुस्त केले की दिसू लागते.

जुना सर्व्हर बंद करण्यापूर्वी, स्कॅन थेट फोल्डरमध्ये टाकणारे यंत्र कार्यालयात असल्यास त्याला एसएमबी २ येते का, हे तपासावे. येत नसेल, तर स्कॅन पेनड्राइव्हवर घ्यावेत, पण त्या एका यंत्रासाठी नव्या सर्व्हरवर एसएमबी १ चालू ठेवू नये.