वॉरंट नसताना पोलीस घरात कधी येऊ शकतात?

तुम्ही लिहिलंय की यवतमाळकडच्या तुमच्या गावी रात्री अकराला पोलीस आले, त्यांना चुलतभाऊ हवा होता. वॉरंट विचारलं तर "लागत नाही" म्हणाले. घरभर फिरले, आईची लोखंडी पेटी उघडून सगळं खाली ओतलं आणि जाताना घरातला जुना मोबाईल घेऊन गेले. हे कायद्यात बसतं का, आणि तातडीच्या वेळी पोलिसांना नेमकं कधी आत येता येतं, हा तुमचा प्रश्न.

माझं उत्तर असं, की दार उघडायला लावणं बहुधा बसतं. पेटी आणि मोबाईल मात्र त्याच कारणात बसत नाहीत. त्यासाठी वेगळं कारण लागतं, आणि ते कागदावर असावं लागतं.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात अठरा वर्षं पोलीस पाटील होतो. वकील नाही. पण गावात पोलिसांची गाडी आली की पहिलं बोलावणं मला यायचं. किती घरांची दारं उघडताना पाहिली आणि किती पंचनाम्यांजवळ उभा राहिलो, याचा हिशेब नाही. त्या अनुभवाला कायद्याची कलमं जोडून सांगतो.

आधी तुमच्याच रात्रीचं बघू. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिचं कलम 44, म्हणजे जुनं 47, असं सांगतं की ज्या माणसाला अटक करायचा अधिकार पोलिसाला आहे, तो अमुक घरात आहे असं मानायला कारण असेल, तर घरातल्यांनी पोलिसाला आत येऊ द्यायचं. दखलपात्र गुन्ह्यात, म्हणजे कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलिसांना तपास सुरू करता येतो अशा गुन्ह्यात, तो अधिकार वॉरंटशिवायही असू शकतो. आत येऊ दिलं नाही, तर आपण कोण आणि कशासाठी आलो हे सांगून, दार उघडा म्हणून, मग ते दार तोडूही शकतात. रात्र आहे म्हणून हे थांबत नाही. आत पडद्यात राहणारी बाई असेल, तर तिला आधी बाहेर पडायला वेळ आणि वाट द्यायची, हेही त्याच कलमात आहे. स्त्रीलाच अटक करायची असेल तर गोष्ट वेगळी. सूर्यास्त ते सूर्योदय ती करता येत नाही. अगदीच अपवादाची वेळ असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची.

म्हणजे भावाला शोधायला पोलीस खोल्यांत, कोठ्यात, कवेलूखालच्या माळ्यावर बघू शकतात. धान्याच्या कणगीत डोकावले तरी मी तक्रार करणार नाही, कणगीत माणूस बसतो. आईच्या पेटीत बसत नाही. शोध माणसाचा असेल तर जिथे माणूस मावेल तिथवरच तो चालतो.

आता तातडीचं. आपल्या संहितेत "आणीबाणी असेल तर घरात शिरा" असं एकच सुटसुटीत कलम नाही, अधिकार वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. त्यातला मला सगळ्यात मोठा वाटतो तो कलम 168 चा. दखलपात्र गुन्हा घडत असेल किंवा घडायच्या बेतात असेल, तर तो थांबवण्यासाठी पोलिसानं मध्ये पडायचं, आणि शक्य तेवढं करून तो थांबवायचाच, असं ते सांगतं. आतून बाई ओरडते आहे, कुऱ्हाड उगारलेली दिसते आहे, कुणाला कोंडून मारणं चाललंय, अशा वेळी तालुक्याला जाऊन वॉरंट आणा असं म्हणणारा कायदा असूच शकत नाही. घरातल्या मारहाणीसाठी तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या 2006 च्या नियमांत स्पष्टच आहे. शेजाऱ्यानं जरी संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला, फोनवर खात्रीची खबर दिली, तरी तातडीच्या वेळी त्या अधिकाऱ्यानं लगेच पोलिसांची मदत मागायची आणि पोलिसांनी सोबत त्या ठिकाणी जायचं. त्यामुळे शेजारच्या घरातून किंकाळी आली तर 112 लावायला कचरू नका. "त्यांच्या घरचं ते पाहतील" या एका वाक्यापायी आमच्या भागात बाया मेल्या आहेत.

आणि जिथे गुन्हाच नाही, फक्त जीव वाचवायचा आहे, तिथे? एक दुपार सांगतो. सप्टेंबर होता, कपाशीवर फवारणीचे दिवस. तंटामुक्तीच्या बैठकीसाठी बीट जमादार गावात आले होते. एक पोरगा धावत आला, "पाटील, दादा दार नाही उघडून राह्यला." आम्ही गेलो. दाराच्या फटीतून औषधाचा उग्र वास येत होता. जमादारांनी दोनदा नाव घेऊन हाक मारली. मग मोठ्यानं म्हणाले, "मी पोलीस आहे, दार तोडतो आहे," आणि पहार घालून बिजागरीतून दार उचकटलं. आत तो खाटेवर आडवा होता. त्यांनी त्याला कुशीवर वळवलं आणि ऑटोत घालून ग्रामीण रुग्णालयात नेलं. तो माणूस वाचला, आज त्याची मुलगी बारावीला आहे.

त्या दुपारी वॉरंट कुणाच्या मनातही आलं नाही, आणि यायचं कारणही नव्हतं. जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 19 आणि 30 मध्ये अशा कामाला जागा आहे. मोठं नुकसान टाळायला सद्भावनेनं केलेली कृती, किंवा संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्याच्या भल्यासाठी केलेली कृती गुन्हा ठरत नाही. गृह-अतिक्रमणाचा गुन्हा व्हायला तर मुळात गुन्ह्याचा किंवा घरच्यांना धमकावण्याचा, त्रास देण्याचा हेतू लागतो.

पण त्या दिवसातली मला जास्त आठवते ती पुढची गोष्ट. ऑटो निघताना धाकटा भाऊ जमादारांना म्हणाला, "साहेब, आत कपाटात सावकाराचे कागद हायेत, तेबी काढून घ्या." जमादार म्हणाले, "त्यासाठी मी आत आलो नव्हतो. आधी याला पोचवू. उद्या ठाण्यात या, तक्रार द्या." कपाट बंदच राहिलं. ज्या कारणानं आत शिरलो त्याच्यापुढे जायचं नाही, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

वस्तू शोधायची असेल तर त्यासाठी वेगळं कलम आहे, 185, जुनं 165. चालू तपासासाठी लागणारी अमुक वस्तू अमुक जागी मिळेल, आणि वॉरंटसाठी थांबलो तर नको इतका उशीर होईल, असं मानायला कारण असेल तर ठाणेदार किंवा तपास अधिकारी वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो. ती कारणं आणि शक्यतो ती वस्तू कोणती, हे आधी केस डायरीत लिहायचं. "बघू काय सापडतं" अशी झडती यात बसत नाही. त्या नोंदीच्या प्रती 48 तासांच्या आत जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायला हव्यात. झडतीच्या वेळी त्याच भागातले दोन किंवा जास्त स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच हवेत, घरातल्या माणसाला हजर राहू द्यायला हवं, बाईची अंगझडती बाईनंच घ्यायला हवी, आणि नेलेल्या वस्तूंची यादी पंचांच्या सह्यांसह करून तिची प्रत घरच्यांना द्यायला हवी. हे सगळं कलम 103 मध्ये आहे. आता कलम 105 नं झडतीचं मोबाईलवर चित्रीकरण करणं आणि ते दंडाधिकाऱ्यांकडे पाठवणंही आलं. मला ही नव्या संहितेतली खेड्यापाड्यासाठी सगळ्यात उपयोगी गोष्ट वाटते.

का वाटते, ते सांगतो. पाटीलकीच्या दुसऱ्याच वर्षी एका ठाण्याच्या पथकानं रात्री मोहफुलाच्या दारूसाठी एका घरावर धाड घातली. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी, त्यामुळे धाडी नेहमीच्याच. मला उठवून नेलं तेव्हा झडती होऊन गेली होती. बंडीच्या जुवावर कागद ठेवून मला म्हणाले, पाटील, इथे सही करा. मजकुराची जागा कोरी होती. मी केली. पुढे त्या यादीत सडव्याच्या, म्हणजे दारूसाठी आंबवलेल्या मोहफुलाच्या, डब्यांबरोबर घरातली एक वस्तू अशी लागली, जी तिथून निघालीच नव्हती, असं ती बाई आजही सांगते. मी तिथे नव्हतो, म्हणून मी हो म्हणू शकत नाही आणि नाहीही म्हणू शकत नाही. त्या घराच्या बाजूनं बोलू शकणारा एकच साक्षीदार त्या रात्री मी होतो, आणि तो मी कोऱ्या कागदावर घालवला. त्यानंतर वाचल्याशिवाय सही केली नाही, आणि तुमच्या गावातल्या पंचांनीही करू नये.

खास कायद्यांचं थोडक्यात. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यात कलम 42 नं ठरावीक अधिकाऱ्यांना सूर्योदय ते सूर्यास्त वॉरंटशिवाय शिरता येतं. रात्री शिरायचं तर वॉरंट आणेपर्यंत माल लपवला जाईल असं का वाटलं, ते लिहून ठेवावं लागतं. भावावर जुना गुन्हा आहे, म्हणून नुसतं रात्री अधूनमधून घरी येऊन डोकावणं मात्र चालत नाही. खरक सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1962 मध्येच अशा रात्रीच्या घरभेटींची तरतूद रद्द केली आहे.

एक काळजीची गोष्ट. झडती चुकीची वाटली तरी दारात अंगाला अंग लावून अडवू नका. सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा लागला तर मूळ तक्रार बाजूला पडते आणि पोरगं दोन-चार वर्षं तारखा करत बसतं. शिवाय झडती बेकायदा ठरली म्हणून सापडलेली वस्तू आपोआप पुराव्यातून बाद होत नाही, हे 1973 च्या पूरनमल खटल्यापासून ठरलेलं आहे. दारात उभं राहून नाव, हुद्दा आणि कशासाठी आलात एवढं विचारा, पोलिसांनी तो प्रश्न ऐकायलाच हवा. गाडीचा नंबर आणि वेळ लिहून ठेवा, शेजारच्या दोघांना बोलवा.

तुमच्या बाबतीत आता असं करा. आधी ठाण्यात लेखी विचारा की मोबाईल कोणत्या गुन्ह्यात, कोणत्या पंचनाम्यानं नेला, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. सोबत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम 185 खालच्या नोंदींची प्रत मागा, ती फुकट मिळते. नोंदच नसेल तर तेच तुमच्या तक्रारीचं मूळ. ती पोलीस अधीक्षकांना द्या, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडेही देता येते. कायदेशीर अधिकार किंवा वाजवी कारण नसताना घरात शिरणाऱ्या, झडती घेणाऱ्या पोलिसाला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 147 मध्ये शिक्षा आहे.

प्रतीचा अर्ज घराच्या मालकाचा किंवा तिथे राहणाऱ्याचा लागतो. तुम्ही पुण्यात कामाला आहात असं लिहिलंय, म्हणून अर्ज आईच्या नावानं करा. त्या रात्री दार त्यांनी उघडलं आणि पेटीही त्यांची. बायकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या आवारातच असते. आईला सोबत न्या, आणि त्या रात्री काय झालं ते वकिलाला त्यांनाच सांगू द्या.