माझा मित्र पण हसला

“शाळेत मुले चिडवतात, त्याला उलट उत्तर द्यायला शिकवा,” अशी विनंती दर जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की माझ्याकडे येणारे पालक करतात. त्या सगळ्यांसाठी एका मुलाची हकीकत सांगते. त्याची ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

सातवीतला हा मुलगा बोलताना अडखळत असे. हजेरीला त्याचा नंबर आला की मागच्या बाकांवरून ‘ये-ये-येस सर’ असा कोरस सुरू होई. डबा भरलेलाच घरी येऊ लागला, तेव्हा आई त्याला घेऊन आली. पहिल्या तीन भेटींत तो ‘काही नाही’ यापलीकडे गेला नाही आणि मीही खोदून विचारले नाही. दुखावलेल्या मुलाला स्वतःविषयी बोलायला लावण्यापेक्षा गोष्टीतल्या मुलाविषयी बोलू द्यावे, असे माझे मत आहे आणि इतक्या वर्षांच्या कामाने ते पक्केच होत गेले आहे. म्हणून आर. जे. पलासिओ यांची २०१२ सालची ‘वंडर’ ही कादंबरी मी आईच्या हाती दिली. जन्मतः चेहऱ्यात व्यंग असलेला ऑगी दहाव्या वर्षी पहिल्यांदा शाळेत जातो, त्याची ही गोष्ट. प्रकरणे अगदी छोटी असल्याने आई रोज रात्री दोन-तीन वाचून ती मराठीत सांगत असे.

पहिल्याच दिवशी ऑगीजवळ जेवायला येऊन बसणारी समर या मुलाला आवडेल, असा माझा अंदाज होता. तिच्याविषयी तो काहीच बोलला नाही. पाचव्या भेटीत मात्र त्याने आपण होऊन विचारले, “ताई, ऑगीनं जॅकला माफ का केलं?”

जॅक हा ऑगीचा मित्र. हॅलोविनच्या, म्हणजे मुले मुखवटे घालून वावरतात त्या सणाच्या दिवशी मुखवट्याआड ऑगीच बसला आहे हे न कळल्यामुळे तो इतर मुलांसमोर त्याच्याविषयी फार वाईट बोलतो.

“तुला काय वाटतं?”

“जॅक वाईट नव्हता. त्या मुलांना घाबरला होता.” मग पानाचा कोपरा दुमडत, उलगडत तो बराच वेळ गप्प राहिला. “माझा मित्र पण हसला.”

आई, वर्गशिक्षक आणि मी, आम्ही सगळेच तोवर मागच्या बाकांकडे पाहत होतो. त्याला लागले होते ते शेजारच्या बाकावरचे हसू. त्याला उलट उत्तरे शिकवत बसले असते, तर हे मला कधीच कळले नसते. पुढच्या आठवड्यात त्याने मधल्या सुट्टीत मित्राला गाठून “तू का हसलास?” एवढेच विचारले. वाक्य पुरे व्हायला वेळ लागला, पण मित्र थांबून राहिला. त्या दिवशी डबा रिकामा परत आला.

पालकांनो, पुस्तक द्या, पण ‘बघ, तो कसा धीट आहे’ असे म्हणून देऊ नका. मूल कोणत्या पानावर थांबते, कोणाचा राग धरते, इकडे लक्ष ठेवा आणि गोष्टीतले त्याचे प्रश्न गोष्टीतच राहू द्या. स्वतःकडे ते त्याच्या वेळेने येईल. मारहाण किंवा धमकी होत असेल, तर मात्र गोष्टीवर थांबू नका. आधी शाळेकडे लेखी तक्रार करा, आणि १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, हे मुलालाही सांगून ठेवा.